विहिणीचा फोन आणि काजूचा मोहोर

शेजारच्या वयनी-भाऊंच्या आणि आमच्या घरांमधला गडगा कमरेएवढाच आहे. त्यावरून हुमणाची वाटी जाते, पाडाचे आंबे जातात, आणि बातमी तर दिवसातून चार वेळा ये-जा करते. शेवग्याचा पाला खुडायला मी बाहेर बसले की वयनी पलीकडून हजर. यंदा तिची धाकटी बाळंतपणासाठी माहेरी आली आहे, पेडण्याहून डिचोलीला, सातव्या महिन्यात. तेव्हा विषयाला तोटा नाही.

"बाय, काल रात्री एकवीस शिंका. मी मोजल्या," वयनी म्हणाली.

"झोपायचं सोडून मोजत बसलात?"

"झोप कसली? एक शिंक की पोट आवळून बसते ती. आमच्या पोटात गोळा."

मी वर डोंगराकडे बोट दाखवलं. "काजू मोहोरलाय. आणखी महिनाभर हेच."

काजूने कुणाला त्रास होतो हे वयनीला पटेना. तिच्या सात पिढ्या काजूखाली वाढल्या, बोंडू चोखून, हुर्राक पिऊन. (हुर्राक पुरुष प्यायचे, असं तिने मागाहून दुरुस्त केलं.) मी म्हटलं, पोर्तुगीजांनी ब्राझीलहून झाड आणलं तेव्हा त्याच्या मोहोराचा परागही आला बरोबर. दम्याच्या काही रुग्णांना ह्याच परागाची अ‍ॅलर्जी असते, हे गोव्यातल्या डॉक्टरांनी तपासून 1995 मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं आहे. म्हणजे ही काही माझ्या डोक्यातली गोष्ट नाही.

"मग इतकी वर्षं कशा नव्हत्या शिंका?"

होत्या की. धाकटीला लहानपणापासून दमा. खाणींचे ट्रक चालायचे त्या काळात आमच्या तुळशीचीही पानं तांबडी असायची, दारं बंद करून जेवायचो आम्ही. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, धूळ बसली, पोरगीही जरा मोकळी झाली. मग तिचं लग्न लागलं ते पेडण्यात. तिथे महामार्ग रुंद करायला डोंगर कापलेले, मोपाचा विमानतळ उभा राहत होता. डिचोलीची तांबडी धूळ सोडून पेडण्याची तांबडी धूळ. पण तेव्हा तिच्या पर्समध्ये पंप असायचा. दोन वेळा ओढायची, कामाला जायची. कुणाला कळायचंही नाही तिला दमा आहे ते.

"पंप चालू आहे ना?" मी सहज विचारलं.

वयनीने आधी मागे वळून घराकडे बघितलं. मग आवाज खाली आणला. म्हणजे आता खरी बातमी.

"तिसऱ्या महिन्यापासून बंद."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

"कुणी म्हणजे? विहीण गो! रोज सकाळी सातला फोन. पोटुशी बाईने औषध घेणं म्हणजे मुलाला विष पाजणं. पंपात स्टेरॉइड असतं, हे तिला कुणीतरी वाचून दाखवलं. झालं. आणि आमची धाकटी म्हणजे गाय. पंप कपाटात."

माझ्या हातातली डहाळी तशीच राहिली. मी आरोग्य खात्याच्या औषधखिडकीमागे नोकरी केलेली बाई. खिडकीपलीकडून गरोदर बायांनी किती गोळ्या परत केल्या असतील त्याला गणती नाही. माझं एकच म्हणणं आहे, आणि ते मी वयनीला त्या दिवशी जरा चढ्या आवाजातच सांगितलं. गोळी घ्यायची तर बाई सासूला विचारते, आईला विचारते, जावेला विचारते, शेवटी डॉक्टरला विचारते. गोळी बंद करताना मात्र कुणालाच विचारत नाही. जणू बंद करण्यात काही धोकाच नाही!

दम्याचं गर्भारपणात काय होईल ते आधी सांगता येत नाही. साधारण तिघींपैकी एकीचा कमी होतो, एकीचा तसाच राहतो, एकीचा वाढतो. आपली कोणती, हे आई ओळखत नाही, विहीणही ओळखत नाही. दमा आवाक्यात नसला की आईच्या रक्तातला प्राणवायू उतरतो, आणि बाळाला श्वास घ्यायला दुसरं ठिकाण नसतं. मूल वजनाला कमी भरणं, दिवस भरायच्या आत बाळंत होणं, आईचं ब्लडप्रेशर चढणं, ह्या सगळ्याची शक्यता वाढते. ह्याच्यासमोर पंपातलं औषध ठेवून बघा. ब्युडेसोनाइड हे ओढायच्या स्टेरॉइडांपैकी गर्भारपणात सगळ्यात जास्त तपासलेलं औषध. ते श्वासनळीत उतरतं, रक्तात जातं ते अगदी थोडं. दम लागला की ओढायचा साल्ब्युटामॉलचा पंपही चालतो. डॉक्टर मुद्दाम गरोदर बाईला हे पंप चालू ठेवायला सांगतात.

"पण स्टेरॉइड ते स्टेरॉइडच ना?" वयनी.

"वयनी, पावसाळ्यात परसात पाणी येतं तेही पाणीच आणि तांब्यातलं तेही पाणीच."

हे तिला पटलं. निदान गप्प तरी झाली.

विहिणीला मी अगदीच मूर्ख ठरवत नाही हं. ह्या भीतीला कारण आहे. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची झोपेची गोळी बाजारात आली. निर्धोक म्हणून तिची जाहिरात. गरोदर बायांना मळमळीवरही देऊ लागले. हातपाय अर्धवट वाढलेली मुलं जन्माला येऊ लागली, जगभरात दहा हजारांहून जास्त. 1961 च्या शेवटी गोळी मागे घेतली गेली. औषध आईच्या पोटातून बाळाकडे जातं, हे त्यानंतर सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं, आणि बसायलाच हवं होतं. पण त्यानंतर साठ वर्षांहून जास्त काळ लोटला. कोणती औषधं किती गरोदर बायांनी घेतली आणि त्यांची मुलं कशी निघाली ह्याच्या नोंदी झाल्या. विहिणीची भीती 1961 लाच थांबली आहे, एवढंच.

एवढ्यात धाकटी बाहेर आली. डोळे लाल, नाकाचा शेंडा सोललेला, हातात सासरहून आणलेली गोळ्यांची स्ट्रिप. म्हणजे पंप बंद, पण हे चालू? मी हात पुढे केला, चष्मा लावला. साध्या सर्दीची गोळी, कुणाच्याही घरी फ्रिजवर पडलेली असते ती.

"ही कुणी दिली?"

"फार्मसीत मागितली, काकी. ही सगळेच घेतात ना, काही होत नाही."

फार्मसीवाल्याला गरोदर आहे हे सांगितलं नव्हतंस ना? नव्हतं. लाजली. मी तिला स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचायला लावलं. एका गोळीत तीन औषधं. ताप-अंगदुखीचं पॅरासिटामॉल, शिंकांचं क्लोरफेनिरामिन आणि नाक मोकळं करणारं फिनाइलएफ्रिन. पहिली दोन गरोदर बाईला लागली तर डॉक्टर देतात. तिसरं रक्तवाहिन्या आवळतं. नाकातल्या आवळतं म्हणून नाक सुटतं. पण पोटात घेतलेलं औषध फक्त नाकातच जात नाही. त्याचं आणि त्याच्या भावंडाचं, स्यूडोएफेड्रिनचं, पहिल्या तीन महिन्यांत तर नावच नको, आणि ब्लडप्रेशर असेल तर कधीच नको. शिंकांसाठी घ्यायची ती शिंकांचीच एकटी गोळी घे. तीनतीन औषधं एकत्र बांधलेली पुडी कशाला?

"एकटी कुठली?"

सेट्रिझिन किंवा लोराटाडिन. जुनी, स्वस्त. हजारो गरोदर बायांच्या नोंदी आहेत, त्यांच्या मुलांत व्यंगांचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. अ‍ॅव्हिलसारख्या त्याहून जुन्या गोळ्यांनी झोप येते. न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर गुंगीत पाय घसरला तर शिंका परवडल्या. आणि मी नावं सांगितली म्हणून तू उद्या जाऊन घेऊ नकोस. किती, कधी, किती दिवस, ते तपासणीला जाशील तेव्हा डॉक्टरला विचार. सध्या घेतेस ते सगळं पिशवीत भरून ने. स्ट्रिपा, पंप, आईचे काढे, सगळं.

काढ्याचं नाव निघाल्यावर वयनीने पदर सावरला. मला वास आला होताच.

आता जावईबापू. ते विमानतळावर नोकरीला, त्यांचा सगळा विश्वास मोबाइलवर. त्यांनी शोधून काढलं होतं की अमुक गोळी 'बी' वर्गात, म्हणजे चालते. तमुक 'सी' वर्गात, म्हणजे चालत नाही. धाकटीने अभिमानाने सांगितलं. मी म्हटलं, जावयांना सांग, ती अक्षरं अमेरिकेनेच 2015 पासून मोडीत काढायला घेतली. लोक त्यांना शाळेतल्या मार्कांसारखं वाचत होते म्हणूनच. 'सी' म्हणजे वाईट असं नव्हतं. पुष्कळदा पुरेसा अभ्यास नाही एवढाच त्याचा अर्थ. आता तिथे औषधाच्या माहितीत सरळ वाक्यं लिहितात. ती वाचायला धीर लागतो, म्हणून लोक अजून अक्षरंच शोधतात.

"नाक तर रात्री एकदम बंदच होतं," धाकटी म्हणाली. "थेंब घालते. ते घातले की दोन तास बरं."

ही दुसरी भानगड. नाक उघडणारे थेंब तीन-चार दिवसांच्या वर घातले की नाक त्यांचं गुलाम होतं. थेंब नसले की आणखी सुजतं, म्हणून आणखी थेंब. माझ्या खिडकीवर अशी माणसं वर्षानुवर्षं यायची. अ‍ॅलर्जीसाठी नाकात मारायचा ब्युडेसोनाइडचा स्प्रे मिळतो, त्याला ही खोड नाही. पण त्याचा गुण यायला काही दिवस लागतात, म्हणून लोक कंटाळून सोडतात. सगळ्यात बिनधोक म्हणजे मिठाचं पाणी. फार्मसीत तयार मिळतं. घरी करायचं तर पाणी उकळून, गार करून, एका पेल्याला पाव चमचा मीठ. विहिरीचं पाणी तसंच नाकात घालायचं नाही, विहीर कितीही गोड असली तरी.

तिला मी विचारलं, नाक नुसतंच चोंदतं, की डोळ्यांनाही खाज येते? हे विचारायचं कारण आहे. पाचांतल्या एखाद्या गरोदर बाईचं नाक काही अ‍ॅलर्जी नसताना, सर्दी नसताना आठवडेच्या आठवडे बंद राहतं. शिंका नाहीत, खाज नाही, नुसतं चोंदलेलं. त्याला गोळ्यांचा उपयोग नाही. उशी उंच घ्यायची, मिठाचं पाणी घालायचं, आणि बाळंत झाल्यावर पंधरवड्यात ते आपोआप जातं. धाकटीचं तसं नव्हतं. तिचे डोळे बघितले तरी कळत होतं, काजूने सूड घेतला होता.

"आणि विहीण सांगते कोलंबी खाऊ नको, काजू खाऊ नको, बाळाला अ‍ॅलर्जी लागेल," वयनीने आणखी एक तक्रार पुढे सरकवली.

तुला त्या खाऊन काही होतं का, मी धाकटीला विचारलं. नाही. मग खा! आईने पथ्य केल्याने बाळाची अ‍ॅलर्जी टळते असं निघालेलं नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ 2000 च्या सुमाराला घरात अ‍ॅलर्जी असली तर पोटुशीने शेंगदाणे टाळावेत म्हणत होते. 2008 मध्ये त्यांनीच ते मागे घेतलं. काजूचा पराग नाकात जाणं वेगळं आणि भाजलेला गर पोटात जाणं वेगळं. फक्त काजू भाजायच्या वेळी धुरात उभी राहू नकोस. टरफलातलं तेल अंगाला लागलं की कातडी सोलवटते, आणि तो धूर दम्याच्या माणसाने हुंगायचाच नसतो. काजू, आंबा आणि बिब्बा हे एकाच कुळातले, तिघांच्याही चिकात तीच आग.

मग काढा. वयनीने टाळायचा खूप प्रयत्न केला. शिगम्याला गुलाल उडेल तेव्हा पोरीला कुठे ठेवायचं, हा विषय काढला. मी उत्तर दिलं, घरात ठेवा, आणि पुन्हा काढ्यावर आले.

"काय घातलंय त्यात?"

"आपलंच गो. परसातलं. अडुळशाची पानं, ज्येष्ठमध, मिरी, गूळ. आमच्या आईने आम्हाला पाजला. त्यात कसलं आलंय रसायन!"

अडुळसा. गडग्याच्या कोपऱ्यातच झाड आहे, अर्धं त्यांच्याकडे, अर्धं आमच्याकडे वाकलेलं, पांढऱ्या फुलांचं. खोकल्याला चांगला, मीही पिते. पण त्याच्या पानात वासिसिन नावाचं द्रव्य आहे, आणि ते गर्भाशय आकुंचित करतं. हे आपल्याच देशातल्या संशोधकांनी तपासलेलं आहे. गर्भाशय आवळणारं औषध सातव्या महिन्यात, ते गुळाचं केलं तरी, कशाला पाजायचं? जुनी जाणती वैद्यमंडळीही पोटुशीला अडुळसा देताना थांबतात. ज्येष्ठमधाचंही तसंच, चहात चिमूट पडली तर काही नाही, पण रोज वाटीभर काढा नको. फिनलंडमध्ये ह्याच गोड मुळीच्या गोळ्या भरपूर खाणाऱ्या आयांची मुलं पुढे बुद्धीच्या चाचण्यांत मागे पडलेली दिसली, तेव्हापासून तिथे गरोदर बायांना जपायला सांगतात.

वयनी बराच वेळ बोलली नाही. तिचा चेहरा बघून मला वाईट वाटलं, पण बोललं ते मागे घ्यावंसं वाटलं नाही. विहिणीने पंप बंद केला आणि आईने काढा चालू केला. दोघी एकमेकींना नावं ठेवणाऱ्या, आणि दोघींचं चुकलं ते एकाच जागी. बाटलीवर कंपनीचं नाव असलं की एकीला भीती, आणि परसातलं असलं की दुसरीला विश्वास.

"विहिणीला सांगू नकोस हं काढ्याचं," एवढंच म्हणाली.

"मी कशाला सांगू? मला फोन करते का ती?"

पुढच्या रविवारी फुलं माळायचा कार्यक्रम. अबोली, जाई, मोगरा, डोकं झाकून जाईल एवढी. पोरीला त्या वासानेच शिंका सुटतील म्हणून वयनी रडवेली. मी सुचवलं, अबोली जास्त घाला, तिला वास नाही. जाई-मोगरा पाटाच्या कडेने ठेवा, फोटोत दिसतो तेवढा पुरे. धूप-उदबत्ती बाहेर तुळशीपाशी. पाहुण्या बायांनी केसांत माळून यावं, पण पोरीच्या गळ्यात पडू नये. आणि गादी. गादीचं कुणाच्याच लक्षात येत नाही. पावसाळ्यातली ओल खाल्लेली कापसाची गादी पाहुणी येणार म्हणून माळ्यावरून काढतात आणि तशीच अंथरतात. धुळीतले किडे त्यातच असतात, डोळ्यांना न दिसणारे. दोन दिवस कडक उन्हात टाका, चादरी-अभ्रे गरम पाण्यात धुवा. आणि मांजराला खोलीबाहेर काढा. ("ते कुठे जातंय!" असं वयनी म्हणाली. ते मला माहीत होतंच, आमच्या माशांवर वाढलेलं आहे ते.)

धाकटी आत निघाली तेव्हा तळहात साडीवर घासत होती. ते मी पाहिलं.

"हाताला काय झालं?"

"खाज सुटते. पायाच्या तळव्यांनाही. रात्री जास्त."

"अंगावर काही उठलंय?"

"नाही. आई सोलांचं पाणी लावते."

अंगावर गांधी उठल्या असत्या तर सोलांचं पाणी लावायला माझी हरकत नव्हती, मीही लावलं असतं. पण पुरळ नाही, गांधी नाहीत, आणि तळहात-तळपाय रात्री खाजतात, तेही शेवटच्या तीन महिन्यांत, हे अ‍ॅलर्जीच्या खात्यात घालायचं नसतं. गर्भारपणात कधीकधी यकृतातलं पित्त रक्तात साचतं, त्याची ही खूण असते. बाळाला धोका असतो. रक्ताची तपासणी केली की कळतं. असेलच असं नाही. उन्हाळ्याने आणि कोरड्या कातडीनेही खाजतं. पण हे पुढच्या तपासणीपर्यंत थांबायचं काम नव्हतं. उद्याच डिचोलीच्या आरोग्य केंद्रात जायचं. त्यांना वाटलं तर ते म्हापशाला पाठवतील, नाही तर बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात.

"आणि पंप?" धाकटीने विचारलं. ह्या वेळी आईकडे न बघता.

"पंप आज रात्रीपासून. डॉक्टरने आधी दिलाय तोच, तितकाच. ओढून झाल्यावर चूळ भर. मुदत बघ, कपाटात चार महिने होता. उद्या डॉक्टरला सांग की मधे बंद केला होता, लपवू नकोस, ते ओरडणार नाहीत. कातडीवर टोचून अ‍ॅलर्जी शोधायची चाचणी कुणी सुचवली तर बाळंतपणानंतर म्हण, घाई नाही. आणि बोलताना वाक्य तोडावं लागलं, छातीत शिट्टी वाजली आणि पंप ओढूनही थांबली नाही, ओठ निळे दिसले, किंवा बाळ हलायचं कमी झालं, तर मला हाक मारू नकोस. सरळ 108."

"उद्या सकाळी सातला फोन येईल," वयनी म्हणाली. "काय सांगू तिला?"

"सांगा डॉक्टरने सांगितलंय."

"अजून कुठे सांगितलंय?"

"म्हणून तर साडेसहाच्या बसने निघा."

वयनीला हे फारच आवडलं. पोरगी आत गेली, तरी ती गडग्याला टेकून उभीच. मग हळूच म्हणाली, "काढ्याची बाटली भरून ठेवलीय गो. अर्धी. गूळ केवढ्याला झालाय. टाकू म्हणतेस?"

"भाऊंना द्या. त्यांचंही पोट पुढे आलंय, पण त्यात काही धोका नाही."